अंगठ्यातली वादी

मलकापूरच्या एका जिनिंग कारखान्यात भाऊराव फिटर होता. कापसाचा हंगाम संपत आला असताना मशीनच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात ओढला गेला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. हात वाचला, नोकरीही राहिली. मालकाने त्याला वजनकाट्यावर बसवलं. लोक भेटायला यायचे, थोडक्यात निभावलं म्हणायचे. भाऊराव मान हलवायचा. धनुष्याची, म्हणजे कमठ्याची, दोरी तो त्याच दोन बोटांनी ओढायचा, हे भेटायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं.

ते शहात्तर साल होतं. नांदुऱ्याच्या एका व्यायामशाळेच्या मैदानावर दर रविवारी तिरंदाजी चाले. बांबूचा कमठा, बरूचे तीर आणि गवताच्या जाड चकतीवर ताणलेला रंगीत कागद, एवढंच सामान. आदल्या वर्षी राज्याच्या सामन्यांसाठी जिल्ह्यातून भाऊराव गेला होता. यंदाही तोच जाणार असं सगळे धरून चालले होते.

जखम भरल्यावर त्याने कमठा खाली काढला. जड कमठा ओढवेना, म्हणून हलका घेतला. उरलेल्या दोन बोटांवर दोरी टिकेना. डाव्या हाताने ओढून पाहिलं, तर नेम डाव्या डोळ्याने धरावा लागे, आणि तो लहानपणापासून अधू. चकती धुरात असल्यासारखी दिसे. मग त्याने कमठ्याची दोरी उतरवली आणि तो पुन्हा खुंटीला टांगला.

त्याच्या बायकोने, वच्छलाने, हे सगळं पाहिलं. नवऱ्याला न सांगता ती फकीर मोहम्मदकडे गेली. फकीर मोहम्मद स्टेशनकडच्या रस्त्यावर टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचा. दुसऱ्या दिवशी तो घरीच आला.

“हात दे इकडे,” म्हणाला. भाऊरावचा हात त्याने उलटासुलटा करून पाहिला, मनगट दाबून पाहिलं. “अंगठा तो सलामत है. मंग ओढाचं काम मनगटाले दे, सोडाचं काम अंगठ्याले.”

त्याने मनगटाला बसेल असा रुंद पट्टा शिवला आणि त्याला एक अरुंद वादी जोडली. ही वादी दोरीभोवती वळवून तिचं टोक अंगठ्याखाली दाबून धरायचं. ताण सगळा मनगटावर येई. अंगठा उचलला की वादी सुटे आणि तीर जाई. बकऱ्याच्या कातड्याची वादी दोन दिवसांत ताणली गेली. म्हशीच्या कातड्याची इतकी ताठ निघाली की सुटताना अडकायची. शेवटी फकीर मोहम्मदने म्हशीचंच कातडं तासून पातळ केलं, त्याला तेल पाजलं, आणि ते जमलं.

पट्ट्यामुळे तीरही बदलावे लागले. बोटांनी सोडताना दोरी जराशी बाजूला सरकायची, त्यामुळे तीर निघताना वळवळायचा आणि त्याला लवचिक बरू लागायचा. आता दोरी सरळ सुटत होती. भाऊराव अंगणात बसून एकेक तीर वाकवून पाही. ताठ ते ठेवी, नरम ते बाजूला काढी. वच्छला पिसं निवडून देई. त्या दिवसांत तो जेवताना बोलू लागला होता.

पावसाळा सरता सरता तो पट्टा घेऊन मैदानावर गेला. तीर चकतीच्या मधोमध, एकमेकांना खेटून बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊराव मात्र चकतीसमोर बराच वेळ उभा राहिला. बोटं शाबूत असताना त्याचे तीर इतके जवळ कधीच पडले नव्हते.

शंकरराव शेजारीच होता. तो वडनेर भोलजीचा शेतकरी. दर वर्षी भाऊरावच्या मागे दुसरा येणारा.

“शंकर, हे बांधून पाह्य,” भाऊराव म्हणाला.

“मले काऊन? माही बोटं आहेत ना.”

“म्हनूनच म्हन्तो. बांध.”

शंकररावने पट्टा बांधला. पहिले काही तीर भलतीकडेच गेले. सुटण्याची सवय झाली तसे ते मध्याकडे सरकू लागले, आणि शेवटचे सगळे मधल्या पिवळ्या रंगात बसले. शंकररावने पट्टा सोडून परत दिला.

“म्या काही पाह्यलं नाई,” शंकरराव म्हणाला. “तू मार. तुह्यावर जे गुदरलं ते माह्यावर नाई गुदरलं.”

व्यायामशाळेचे प्रमुख पंजाबराव जिल्ह्याच्या निवडीच्या सामन्यांत पंच असायचे. भाऊरावने त्यांना गाठलं, पट्टा दाखवला आणि याने तीर अधिक चांगला जातो हेही सांगितलं. पंजाबरावांनी पट्टा हातात घेऊन पाहिला.

“नियमात असं काही लिहेलच नाई. अन् बोटं गेलेल्या मानसाले कोन अडवते बे? मार तू बिनघोर.”

घरी येऊन त्याने वच्छलाला सांगितलं, की तो सामन्यात पट्टा बांधणार नाही.

ती भाकरी थापत होती. हात थांबले. “काऊन?”

“त्यानं मी जिंकीन.”

“मंग? जिंकाले जात नाई का मानूस?”

“मी नाई, पट्टा जिंकेल, वच्छला. शंकरच्या हाताले बांधला तर शंकर जिंकते.”

“तुमची बोटं गेली तवा कोन हिशेब बरोबर केला? मशीन बंद कराले कोनी धावलं? अन् आता तुमी दुसऱ्याचा न्याव करून राह्यले!” तिचा आवाज चढला. “साऱ्यांनी हो म्हनलं. तुमीच तेवढे नाई म्हन्ता.”

तव्यावरची भाकरी करपली, ती तिने तशीच त्याच्या ताटात टाकली.

फकीर मोहम्मदकडे जाणं याहून अवघड गेलं. भाऊरावने दोन बोटांवर चढेल असं जाड चामड्याचं टोपण मागितलं. फकीर मोहम्मदने कारण विचारलं, ऐकून घेतलं, आणि आरी खाली ठेवली.

“पट्ट्यात खोट आहे का?”

“नाई चाचा. खोट असती तर बांधला असता.”

त्या दिवशी त्याने आरी पुन्हा उचलली नाही. पण दोन दिवसांनी टोपण तयार होतं. आतून मऊ कातडं लावलेलं.

भाऊरावने सगळ्यात हलका कमठा निवडला. बाजूला काढलेले लवचिक तीर पुन्हा आत घेतले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढ्यावर तो रोज ओढत राहिला. बोटं सुजली. संध्याकाळी वच्छला गरम पाण्याचं भांडं पुढे ठेवी.

दसऱ्याआधीच्या रविवारी निवडीचे सामने झाले. वच्छला पण आली होती, येणार नाही म्हणाली होती तरी. जवळच्या अंतरावर भाऊराव बरा टिकला. लांबच्या अंतरावर हलक्या कमठ्याचे तीर जमिनीत रुतू लागले. बघणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. पंजाबरावांनी एकदा डोळ्यांनीच खूण केली, अजूनही पट्टा बांध. भाऊरावने पाहिलं आणि पुढचा तीर लावला. टोपणाच्या शिवणीतून रक्त झिरपलं तेव्हा त्याने ते रुमालाने पुसलं आणि राहिलेले तीरही मारले.

तो शेवटून तिसरा आला. निवड शंकररावची झाली. शंकरराव त्याच्याजवळ आला आणि घुटमळला. भाऊरावनेच त्याचे तीर मागितले, वाकवून पाहिले आणि दोन बाजूला काढले. “हे नेऊ नको. लयच नरम झाले.”

संध्याकाळी दोघं नवराबायको नांदुऱ्याच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहत बसले. कापसाच्या गाठी लादलेली मालगाडी समोरून गेली. वच्छलाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या बोटांवरचं सुकलेलं रक्त टिपू लागली.

“पस्तावले का?” तिने विचारलं.

“हाव,” भाऊराव म्हणाला. “लांबच्या चकतीवर लय पस्तावलो.”

तिने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

“मले वाटलं, नाई म्हनसान,” ती म्हणाली. मग तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि गाडी येईपर्यंत तसाच धरून ठेवला.