खुर्चीचा दमा

शाजिंग या कारखान्यांच्या गावातल्या एका चहाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, गॅलरीत माणसं, आणि मधोमध, जमिनीपर्यंत लाल कापड सोडलेल्या बांबूच्या टेबलामागे झुआंग गुरुजी. टेबलावर चिनी मातीची वाटी, वाटीत काढ्यात भिजवलेला कापूस. ना विस्तव, ना काडी. गुरुजींनी चिमट्याने धातूची एक पातळ पट्टी कापसात खोचली, डोळे मिटले, वाटीवरून हात फिरवला, आणि वाटीतून पांढऱ्या धुराचे लोट उठले.

"बघा!" गुरुजी गरजले. "ही पट्टी तुमच्या छातीतला रोग ओढून काढतेय. जेवढा रोग तेवढा धूर! धूर थांबला की रोग संपला. मग कशाला हवेत ते डॉक्टरांचे पंप?"

लोकांनी हात जोडले. गुरुजींच्या शेजारी पितळेचं ताट होतं आणि त्यात दम्याचे बारा-पंधरा पंप पडलेले होते. बऱ्या झालेल्यांनी वाहिलेले!

दुसऱ्या रांगेत त्साय मिनरोंग दातओठ खात बसली होती. ती दोन गल्ल्यांपलीकडच्या ई-सिगारेटच्या कारखान्यात इंजिनियर होती. तिथल्या नव्या उपकरणातही अशीच पट्टी असते. भोवतीच्या कॉईलमधून वीज खेळवली की पट्टी कशालाही न शिवता तापते, आणि ती किती तापली हे बघणं हेच मिनरोंगचं काम. वैताग याचा, की या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या घरचं कोणी ना कोणी तीच उपकरणं जोडून पोट भरत होतं. आठवडाभर हाताने कॉईल गुंडाळायची आणि रविवारी तिच्याच पुढे हात जोडायचे! आता बोला!

तिची आई शेजारीच होती. सत्तरी ओलांडलेली, वीस वर्षांची दमेकरी. गेले नऊ दिवस तिने पंप तोंडाला लावला नव्हता. घरचे तीन जिने चढताना ती प्रत्येक मजल्यावर बसत होती.

"आई, टेबलाखाली कॉईल आहे गं. आपल्या इंडक्शन शेगडीसारखी," मिनरोंगने घरी दहादा सांगून पाहिलं होतं.

"शेगडीला माझा रोग कळतो का? सात बैठकांत धूर कमी कमी होत गेला, तो काय उगाच? आणि गुरुजी गागीनांग आहेत. ते आपल्याला कशाला फसवतील?"

गागीनांग म्हणजे आपला माणूस. छाओशानकडची, म्हणजे त्यांच्या मुलखातली, माणसं परमुलखात भेटली, बोली जुळली, की हा शब्द निघतो आणि पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. त्या शब्दापुढे मिनरोंगची पंधरा वर्षांची नोकरी मातीमोल होती.

आईचा नंबर आला. गुरुजींनी पट्टी खोचली, हात फिरवला. धूर आलाच नाही.

"बरी झालीस, ताई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पिशवीतून पंप काढला आणि ताटाकडे हात नेला. मिनरोंगने झडप घालून तो काढून घेतला.

"मिन! वेड लागलंय का तुला?"

मिनरोंगचं लक्ष वाटीतल्या पट्टीकडे होतं. पट्टीचा एक कोपरा कापलेला होता. नापास झालेल्या पट्ट्या चांगल्यांत मिसळू नयेत म्हणून ती स्वतःच त्यांचे कोपरे कापते आणि त्या भंगारात जातात. तो माल तिला तोंडपाठ होता.

ती आईच्या जागी खुर्चीत बसली. "गुरुजी, माझीही छाती भरून येते."

गुरुजी खूश. त्यांनी दुसरी, अख्खी पट्टी खोचली. भसाभस धूर!

"पाहिलंत? आईतला रोग लेकीत!"

"हो ना!" असं म्हणत तिने चिमटा उचलला, ती पट्टी काढली आणि आईची ती कोपरा कापलेली पट्टी खोचली. धूर विरला. "अय्या, बरी झाले! दोन मिनिटांत! आईला मेलीला सात बैठका लागल्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मिनरोंग खुर्चीतून उठली, बाजूला झाली आणि अख्खी पट्टी पुन्हा वाटीत घातली. समोर कोणी नसताना धुराचे लोट उठले.

"आता खुर्चीला दमा झाला. द्या तिला औषध!"

तिने टेबलाचं कापड ओढलं. खाली तांब्याची कॉईल आणि भिंतीत गेलेली वायर.

"नीट ऐका," ती म्हणाली. "अख्खी पट्टी साध्या लोखंडाची, ती तापतच जाते. कोपरा कापलेली लोखंड-निकेलची. ठरावीक उष्णतेला तिचं चुंबकत्व जातं, आणि मग कॉईलची तिच्यावर पकड राहत नाही. आमच्या उपकरणात चिपला हे कळतं, पट्टी किती तापली ते त्यावरूनच ओळखतात. या पट्ट्या फार लवकर तापायच्या थांबतात, कोणी जरा आधी, कोणी नंतर, म्हणून नापास केल्या; तशा निवडून वापरल्या की धूर बैठकीगणिक कमी होतो. काढ्यात ग्लिसरीन आहे, तेवढ्या उष्णतेत त्याची वाफ होत नाही. रोग असो नसो, धूर येणारच नाही."

"वीज निमित्तमात्र!" गुरुजी ओरडले. "शक्ती माझी!"

आणि काय सांगावं, निम्म्या माना डोलल्या! एक आजोबा म्हणाले, "पण पोरी, मला मोकळं वाटतं त्याचं काय?"

"काढ्यातल्या पुदिन्याने वाटतं, आजोबा. वाटू दे. पण पंप सोडू नका. हात जोडून सांगते, जीव जाईल!"

पितळेच्या ताटातून पंप उचलायला फक्त चार हात पुढे आले. मिनरोंगला रडू यायचं बाकी होतं.

जिना उतरताना आई पाचव्या पायरीवर बसली. ओठ निळसर पडले होते.  लेकीकडे न पाहताच तिने हात पुढे केला. "दे."

पंप ओढून श्वास जरा खाली बसल्यावर ती म्हणाली, "चारचौघांत शोभा केलीस माझी."

"केली. पुन्हा करीन."

"तुमच्या कारखान्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, धूर नाही, काळजी नाही. ते कोणी तपासलं?"

मिनरोंगने फक्त उष्णता तपासली होती. ती वाफ ओढणाऱ्याच्या छातीत काय होतं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

"साहेब म्हणतात..." ती पुटपुटली. "उद्या त्यांना विचारते."

"ते तुझे गागीनांग का?" आई कठडा धरून उठली. "विचारू नकोस. तपास."