प्यो गुरुजींनी उलटलेलं पापलेट

समुद्रापासून लांबच्या तेजॉनहून येणाऱ्या मंडळींनी समुद्र बहुधा टीव्हीवरच बघितलेला असतो. जूनमधल्या त्या शनिवारी आमच्या मोक्पो बंदराला आलेलं संस्कृती मंडळही तसंच. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, आणि सगळ्यांच्या पुढे प्यो गुरुजी. जन्मभर मुख्याध्यापकी केलेला माणूस, बसमधून उतरतानाही हजेरी घेत होता.

जुनं बंदर दाखवायचं आणि गोष्टी सांगायच्या, एवढं माझं काम. जपानी अमलातल्या लाल विटांच्या इमारतीसमोर मी सांगितलं, की इथल्या एका अधिकाऱ्याच्या मिशा इतक्या लांब होत्या की भरतीला त्यांची टोकं भिजायची. बायका हसल्या. गुरुजींनी आधी इमारतीकडे बघितलं, मग खाली पाण्याकडे, आणि म्हणाले, "काका, एवढ्या उंचीवर मिशा भिजतील कशा?" माझी सकाळ अशी चालली होती.

दुपारचं जेवण धक्क्याजवळ सुनिमच्या खानावळीत होतं. आम्ही तिला सल्गीची आई म्हणतो. सल्गी लग्न होऊन क्वांगजूला गेली. सुनिमचा नवरा दोकसू एकटाच आपली लहान होडी घेऊन पापलेटच्या जाळ्यांवर जातो. त्या दिवशीही पहाटे गेलेला, दुपारच्या भरतीबरोबर परत यायचा होता. जूनचं पापलेट म्हणजे लोणी. प्रत्येक टेबलावर एकेक अख्खं भाजलेलं आलं, शेजारी भात, किमची, माठाची भाजी.

गुरुजींनी वरची बाजू अगदी नीट संपवली. जेवायच्या काड्या कशा धरायच्या हे बाजूच्या बाईंना शिकवता शिकवता त्यांनी त्या माशाखाली सरकवल्या आणि एका झटक्यात मासा पालथा केला.

आमच्याकडे मासा कोणी उलटत नाही. वरची बाजू संपली की मधला काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं खायचं. ताटातला मासा उलटला की समुद्रावरची होडी उलटते. आमच्या पोरांना हे चमचा धरायच्या आधी कळतं.

शेजारच्या टेबलावर चौघं कोळी जेवत होते. त्यांचे चमचे थांबले. त्यांतला एकजण उठला आणि जोडे हातात घेऊनच बाहेर पडला.

सुनिम रश्शाचं पातेलं घेऊन येत होती. ती जागच्या जागी उभी राहिली.

"कोणी केलं हे?"

"मी," गुरुजी कौतुकाने म्हणाले. "तुटला नाही बघा जरासुद्धा."

"माझा माणूस बाहेर आहे."

मग गुरुजींना सगळं सांगावं लागलं, आणि ते मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर्गात बोलतात तसं बोलायला लागले. वारा, लाटा, हवामान खातं, माणसाची भीती. मंडळातले दोघं-तिघं मान डोलवत होते, पण काड्या कोणाच्याच हलत नव्हत्या. सुनिमने वाद घातला नाही. पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "गुरुजी, होता तसा करा."

मला ते बरं वाटेना. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सल्गीची आई, आता माशाला हात लावू नका. काय व्हायचं ते एकदाच होऊ दे."

"एकदा उलटली तर बुडते, काका. परत उलटू दे."

गुरुजींनी हसत हसत मासा पुन्हा उलटला. हसणारे ते एकटेच. मासा सुलटा झाला खरा, पण वरची बाजू आता नुसती काट्यांची होती.

जेवणानंतर यूदाल डोंगराच्या पायथ्याशी फिरणं ठरलं होतं. मी दोन गोष्टी सांगितल्या. कोणी हसलं नाही, आणि माझं खोटं पकडायला गुरुजीही पुढे आले नाहीत. वारा नव्हता. खाली समुद्र ताटासारखा सपाट पडलेला, आणि मासळीच्या धक्क्यावर एरवी किंचाळणारे पक्षी छपरांवर ओळीने बसून एकाच दिशेला बघत होते. गुरुजी सारखे विचारत होते, की भरती केव्हा. शेवटी म्हणाले, की कार्यक्रमात नाही, पण आपण सगळे धक्क्यावर जाऊ. होडी आली की वहिनींना बरं वाटेल.

सुनिम आधीच तिथे उभी होती. एप्रन सोडायचाही राहिला होता.

होडी आली. वेळेवर आली, संथ आली. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या आणि मंडळानेही वाजवल्या. मी मात्र डोलकाठीकडे बघत होतो. तिच्या टोकाला ओलं शेवाळ लोंबत होतं. केबिनच्या छपरावर काळा चिखल होता, समुद्राच्या तळाला असतो तो, त्यात एक शिंपला रुतलेला. आणि खाली फळ्या कोरड्या, जाळी घडी घालून ठेवलेली.

दोकसू वर आला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही, जरा डोळा लागला होता. गुरुजी पुढे झाले, त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, की दादा, तुमच्यामुळे माझ्या जिवाला घोर लागला होता. हात सोडल्यावर गुरुजी आपला तळवा कितीतरी वेळ पँटला पुसत राहिले.

मग मला दिसलं. दोकसूच्या डाव्या हाताची करंगळी पूर्वीच जाळ्याचा दोर ओढणाऱ्या चाकात तुटून गेलेली. रक्ताने भरलेला तो हात फडक्यात धरून त्याला डॉक्टरकडे मीच नेलं होतं. आता डाव्या हाताला पाचही बोटं होती. करंगळी उजव्या हाताची नव्हती. भांग नेहमीसारखा डावीकडून नाही, उजवीकडून पडलेला. शर्टाची बटणं बायकांच्या शर्टासारखी उलट्या बाजूने लावलेली.

मंडळाने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. गुरुजी सुनिमला म्हणाले, "पाहिलंत ना, वहिनी? माशाने काही होत नसतं." ती त्यांना वाकून नमस्कार करत होती, त्यामुळे तिचा चेहरा कोणाला दिसला नाही.

मी हळूच म्हटलं, "सल्गीची आई, हात बघितलात?"

"बघितला."

"मग?"

ती दोकसूकडे बघत राहिली. तो धक्क्यावर उभा होता, घर कुठल्या बाजूला ते आठवत असल्यासारखा. आता ती ओरडली असती तर खानावळीतले ते चौघं कोळी धावून आले असते, आणि त्याला होडीत घालून जिथून आला तिथे परत सोडून आले असते. ते तिच्या मागेच उभे होते, तिच्या एका शब्दाची वाट बघत.

"इतकी वर्षं त्याच्या उजव्या अंगाला झोपले," ती म्हणाली. "आता डाव्या अंगाला झोपेन." आणि तिने हाक मारली, "अहो, चला. भात गार होतोय."

तो वळला आणि तिच्यामागे चालू लागला. कोळी बाजूला झाले.

रविवारी मंडळ ठरल्या वेळी बसने गेलं. गुरुजींनी मला खिडकीतून हात केला नाही.

आता लोक मला विचारतात, की काका, ही गोष्टही तुमच्या त्या मिशांसारखीच का? मी म्हणतो, खानावळीत जाऊन बघा. दोकसू चांगला आहे. दारू सुटली, आवाज चढत नाही, भांडी घासतो. सुनिम म्हणते, पहिल्यापेक्षा बरा. फक्त ओहोटी लागली की तो हातातलं काम ठेवतो, जोडे घालतो आणि समुद्राच्या बाजूच्या दाराकडे चालायला लागतो. बोलत नाही, ढकलत नाही, नुसता दाराशी येऊन उभा राहतो. तेवढा वेळ ती खानावळ बंद ठेवते. ती आतून कडी घालते, दाराला पाठ टेकून बसते, आणि पाणी पुन्हा चढेपर्यंत त्याच्याशी सल्गीच्या लहानपणाबद्दल बोलत राहते.