जुन्या ग्राउंडवरचा गोलकीपर

कोलूची शिट्टी वाजली की सगळी वस्ती आत यायची आणि दिव्यानीचा नवरा बाहेर निघायचा.

सावली गावाच्या टोकाची ती वस्ती. पुढे धानाची शेतं, म्हणजे बांध्या, बांध्यांपलीकडे तलावाची पाळ आणि पाळीला लागूनच जंगल. धान कमरेच्या वर आलं की वाघ तिथवर यायचा. यंदा दसऱ्याच्या सुमारास बायनाबाई गवत कापायला गेली आणि तिचा विळाच तेवढा सापडला. तेव्हापासून वनखात्यानं वस्तीतल्या तरण्या पोरांना शिट्ट्या, काठ्या आणि बॅटऱ्या दिल्या होत्या. कोलू त्यांचा म्होरक्या. माग दिसला की दिवस कलताना पोरं बांधावरून शिट्ट्या फुंकत फिरायची. बाया डोक्यावरचे भारे टाकून लगबगीनं परतायच्या, गुराखी ढोरं हाकत आणायचे.

आणि दिव्यानीचा नवरा, आदेश, हातमोजे चढवायचा.

दिवसभर तो शहाणा असे. धान कापी, पेंढ्या बांधी, बापूजींना, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या बापाला, आंघोळीचं पाणी काढून देई. पण शिट्टी कानावर पडली की त्याचा चेहरा बदले. "मॅच सुरू झाली," असं हळूच म्हणून तो चालू लागे, तो थेट तलावापलीकडच्या जुन्या ग्राउंडवर. तिथला खेळ पावसाळ्यापासूनच बंद होता आणि बायनाबाईचं झाल्यापासून तिथं कोणी फिरकतही नव्हतं. नवप्रकाश क्लबानं बाजाराच्या मागे नवं ग्राउंड केलं होतं. जुन्यावर आता गवत होतं आणि सागाच्या बल्ल्यांचे दोन गोलपोस्ट होते. आदेश त्यांतल्या एकाच्या मधे जाऊन, गुडघ्यात वाकून, हात पसरून उभा राही. समोर जंगल.

याच बल्लीवर त्याचं डोकं आपटलं होतं. काही वर्षांपूर्वी फुटबॉलच्या फायनलमध्ये शेवटचा बॉल त्यानं झेप घेऊन अडवला आणि कानशिलाच्या वर खांब लागला. कप क्लबाकडे आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळत, बँड लावून गावभर मिरवलं. त्याची मान लुळी पडली होती, ते लोकांना वाटलं दमला असेल. दवाखान्यात नेला तो दुसऱ्या दिवशी. दिव्यानी तेव्हा नवी नवरी होती. दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती ती. गुलालानं माखलेल्या त्या तोंडाला तिनं ओवाळलं आणि तिच्याकडे बघून तो म्हणाला, "तू कोनाच्या घरची?" लोक हसले. तीही लाजून हसली.

त्याला घरात कोंडून पाहिलं, तर त्यानं दारावर डोकं आपटलं. मग कोंडायची हिंमत राहिली नाही. कोलूला तिनं विनवलं, शिट्टी वाजवू नका. तो बिचारा तरी काय करणार. "वहिनी, शिट्टी नाई वाजवली अन् कोनाची माय बांधीतच राह्यली तर मी कोनाले तोंड दाखवू?" मग तिनं त्याच्याकडूनच एक शिट्टी मागून घेतली. आदेशच्या मागे जाऊन, सामना संपल्याच्या तीन लांब शिट्ट्या तिनं स्वतः वाजवल्या. आदेशनं वळून पाहिलं आणि लहान लेकराला समजावावं तसं म्हणाला, "पाहनाऱ्यानं शिट्टी नाई वाजवाची, दिव्यानी. पंच रागावते."

त्याला क्लबाचा माणूस लागायचा, अंगात क्लबाची हिरवी जर्सी असलेला.

तो माणूस म्हणजे अयूबभाऊ. बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. क्लब त्यांनीच काढलेला, आदेशला गोलमध्ये उभा करणारेही तेच. कापणी लागल्यापासून ते रोज दिवस मावळताना मोपेडवर यायचे. पांढऱ्या दाढीखाली ती हिरवी जर्सी कशीतरीच दिसायची. पाळीवर उभं राहून तीन शिट्ट्या वाजवायचे आणि ओरडायचे, "संपली रे, जिंकलो, चल घरी." आदेश मुकाट्यानं यायचा. दिव्यानी तुळशीपुढे दिवा लावायची तेव्हा रोज अयूबभाऊंचं नाव आधी घ्यायची, मग घरच्यांचं.

कार्तिक लागला आणि अयूबभाऊंची मोपेड एका रानडुकरावर आदळली. पाय प्लास्टरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी क्लबाच्या पोरांना दुकानात बोलावलं आणि दिव्यानीलाही. ती दाराशी उभी राहिली. आत बाकड्यावर पाय लांब करून अयूबभाऊ, आणि समोर जमिनीवर सातआठ पोरं. त्यांच्यात अकरम होता, आताचा कॅप्टन. मागल्या टुर्नामेंटमध्ये पेनल्टी चुकवून तो हसला होता. त्या दिवशी आदेशला पाहुणा म्हणून खुर्चीवर बसवलं होतं. आदेश उठला, मैदानात गेला आणि त्यानं हजार माणसांपुढे अकरमच्या कानाखाली लावली. त्यानंतर क्लबानं सांगून टाकलं होतं, आदेशभाऊला आमच्या ग्राउंडवर आणू नका.

"एकानं एक दिवस. पाळी लावून घ्या," अयूबभाऊ म्हणाले.

"चाचा, तिथी वाघ आहे," एक पोरगा म्हणाला.

"मले काय बकरी दिसत होती रोज?"

पोरं हसली. मग एकानं सुचवलं, "आपन आदेशभाऊचा सत्कार करू ना. शाल, श्रीफळ, मोठा बॅनर."

"बॅनर पाहून वाघ पळते का रे?"

"तसं नाई चाचा. पन क्लब खेळाले आहे. दवाखाना थोडीच आहे. खेळून गेलेल्या सगळ्याईले सांभाळाचं तर खेळाचं कवा?"

दिव्यानीला वाटलं, पोरगा खोटं बोलत नाही. तिनं पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "सगळ्याईले नोका सांभाळू. तुमी त्याईले खांद्यावर घेतलं होतं. तवा मी दारात होती."

समोरच्या निम्म्या पोरांचे थोरले भाऊ त्या मिरवणुकीत होते. अकरम खाली बघून नखानं चप्पलेचा पट्टा उकरत होता. "मी जातो आज," तो म्हणाला. "पन आजच्यापुरता. उद्याचं नाई सांगत."

"तुले थापड मारली त्यानं," कोणीतरी डिवचलं.

"म्हनून तं जाऊन राह्यलो. पाहू दे तो पंचाले मारते का."

त्या संध्याकाळी शिट्टी वाजली आणि आदेश निघाला. दिव्यानी बॅटरी घेऊन पाळीपर्यंत मागे गेली. अकरमचा पत्ता नव्हता. उजेड पिवळा होऊन धानात मुरत चालला होता. पलीकडच्या मोहाच्या झाडावर वानरं ओरडत होती, खोकल्यासारखी, दम लागल्यासारखी. मग एकाएकी ती गप्प झाली. ओरडण्यापेक्षा ते गप्प होणं वाईट असतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ती मनातल्या मनात नाम घेऊ लागली. आदेश गोलमध्ये वाकून उभा होता, जंगलाकडे तोंड करून, अगदी खुशीत.

मागून अकरम धापा टाकत आला. गाडी त्यानं वस्तीतच ठेवली होती. अंगात हिरवी जर्सी, काखेत बॉल. "भाभी, तुमी इथीच थांबा." पाळीवरून त्यानं तीन लांब शिट्ट्या वाजवल्या. "संपली भाऊ, जिंकलो. चला."

आदेशनं मान वळवली. "कुठी जिंकलो? बरोबरीत आहे. पेनल्टी बाकी आहे."

"भाऊ, अंधार पडून राह्यला."

"मंग लवकर मार ना. तूच चुकवली होती."

अकरमनं दिव्यानीकडे पाहिलं. तिला म्हणावंसं वाटलं, जा रे बाबा, आणि म्हणावंसं वाटलं, नको जाऊ. अकरम पाळ उतरला. गवत त्याच्या मांडीपर्यंत येत होतं. बॉल मांडायला त्यानं पायानं थोडं गवत दाबलं आणि हळूच, सरळ आदेशच्या हातात जाईल असा मारला.

आदेशनं बॉल धरलाच नाही. पायानं परत ढकलला. "असा मारते का कोनी? कॅप्टन आहेस का भाजी विकतेस?"

गोलच्या मागे, थोडं आत, वाळकी काडी मोडल्याचा आवाज आला. एकदाच. दिव्यानीनं बॅटरी तिकडे फिरवली. गवतच होतं. एका जागचं गवत हलत होतं, आणि वारा तर नव्हता.

"अकरम," ती म्हणाली. हळूच, पण त्यानं ऐकलं. तोही तिकडेच बघत होता. त्याला पळता आलं असतं. पाळ वीसेक पावलांवर होती. त्यानं कपाळाचा घाम जर्सीला पुसला, दोन पावलं मागे गेला आणि सगळा जीव एकवटून बॉल मारला, उजव्या कोपऱ्यात, बल्लीला लागून.

आदेश उडाला. दिव्यानीनं डोळे मिटले. ते डोकं, ती बल्ली, तो आवाज तिला वर्षानुवर्षं झोपेत ऐकू यायचा. पण आवाज आला तो चामड्यावर चामडं बसल्याचा. डोळे उघडले तेव्हा तो मातीत पडला होता, बॉल छातीशी घट्ट. उठला, कपडे झटकले. "आता संपली," म्हणाला आणि अकरमच्या खांद्यावर हात टाकून चालू लागला. "चांगली मारली रे. हसला नाई तू."

तिघंही पळाले नाहीत. पळायचं नसतं. मागे न बघता बोलत बोलत घरी आले.

सकाळी कोलूनं तिला ग्राउंडवर नेऊन दाखवलं. गोलसमोरच्या दवानं ओल्या मातीत अकरमच्या बुटांच्या खिळ्यांचे ठसे होते, आणि त्यांच्यावर, त्यांना चेपून, परातीएवढे पंजे. "तुमी पाळीवर चढले का नाई, तवाच उतरला हा," कोलू म्हणाला. "जागा मोकळी व्हाची वाट पाहून राह्यला होता."

घरी बापूजींनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "अकरमले सांगू नको," ते म्हणाले. "सांगशील तर आज येनार नाई तो. मंग आपल्या पोराले कोन आनते?"

दिव्यानीचा त्या दिवशी उपास होता. सासऱ्यांचं म्हणणं खरं होतं. न सांगणं म्हणजे खोटं बोलणंही नव्हतं, गप्प राहायचं तेवढं. ती देवापुढे जाऊन बसली, वात नीट केली आणि दिवा लावायला तिचा हात काही उठेना. दुसऱ्याचं लेकरू अंधारात पाठवून त्या उजेडात आपण कसं बसायचं, हे तिला कळेना. तशीच उठली आणि बाजाराकडे निघाली.

अकरमची आई तबस्सुम अंगणात वड्या वाळत घालत होती. दिव्यानीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पंजे, ठसे, सगळं. तबस्सुमबाईचे हात थांबले.

"तो मले म्हनाला, तलावावर बॉल खेळून आलो."

"मी आली नसती तं तुमाले समजलं नसतं, बाई."

"हो." तबस्सुमबाईनं हात पदराला पुसले. "सांगतलं, चांगलं केलं. आता मले एक सांग. हे सांगून, वरून त्याले घेऊन बी जायला आली का तू?"

दिव्यानी खाली मान घालून घरी आली.

दुपार कलली. आदेश अंगणात बसून हातमोज्यांना गोडं तेल लावत होता. बापूजी तिच्याशी बोलत नव्हते. ऊन तुळशीवरून भिंतीवर चढलं. शिट्टी अजून वाजली नव्हती, पण कोलूची पोरं बांधाकडे जाताना दिसली होती. दिव्यानीनं ठरवलं, आज त्याच्या मागे आपणच जायचं, अगदी गोलपर्यंत, जे होईल ते दोघांचं होईल.

तेवढ्यात गल्लीत मोटरसायकल आली. अकरम, आणि मागे क्लबाचं आणखी एक पोरगं, कालचं बॅनरवालं.

"माय म्हनाली, शिट्टी वाजाच्या आधी जा आन् त्याले इकडेच घेऊन ये," अकरम म्हणाला. "भाऊ, चला. आज नव्या ग्राउंडवर मॅच आहे."

आदेशनं त्याच्याकडे बारकाईनं पाहिलं. "थापड मारीन."

"मारा. पन गोलमध्ये उभे राहा."

आदेश हसला आणि दोघांच्या मधे बसला. अकरम गाडीला किक मारता मारता दिव्यानीला हळूच म्हणाला, "भाभी, खोटं नाई सांगत. सगळे यायले तयार नाईत. धान निघेपर्यंत रोज हे जमते का नाई, मले नाई माहीत."

"आजचं पाहा," ती म्हणाली.

गाडी गल्लीच्या वळणावर गेली आणि बांधावरून शिट्टी वाजली. आज लवकर. एकामागून एक, तलावाच्या अंगानं, साऱ्या पोरांच्या. बाया परतू लागल्या. दिव्यानी दारात उभी होती. पुढे चिंचेपाशी रस्ता फुटायचा, डावीकडे बाजार, उजवीकडे जुनं ग्राउंड. इथून काही दिसत नव्हतं, गाडीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

चिंचेपाशी तो थांबला.

कोणीतरी जोरात बोललं. आदेशचा आवाज, मग अकरमचा, मग दोन्ही एकदम. बापूजी काठी टेकत तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. मोहावरची वानरं ओरडत होती. दिव्यानीच्या हातात बॅटरी होती, ती कधी घेतली ते तिला आठवेना. दोन पावलं ती चालूनही गेली.

मग गाडी पुन्हा सुरू झाली. आवाज दूर जाऊ लागला, आणि तो कुठल्या अंगानं जातो आहे ते शिट्ट्यांच्या गलक्यात तिला उमगेना. ती मान कलती करून ऐकत राहिली. शिट्ट्या थांबल्या तेव्हा आवाज बाजाराच्या बाजूला होता.

मोहावरची वानरं त्याच वेळी गप्प झाली होती. जुन्या ग्राउंडवर आज कोणी नव्हतं, पण अंधार पडेपर्यंत ती दारातून हलली नाही.