मागच्या खिडकीतला कूलर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे. कारंजा घाडगेच्या हमरस्त्याला लागून तानबा वेल्डरचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. बाबारावांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी कांताबाईंनी माझा पहिला वारा तोंडावर घेतला आणि समाधानाने डोळे मिटले. ते सुख मी अजून विसरलेलो नाही.

होळी झाली की बाबाराव मला अंगणात ओढत. गंज खरवडून माझ्या पोटात डांबर लावत, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत. माझी पाण्याची नळीही त्यांनीच थेट छतावरच्या टाकीला जोडून दिली. पाणी कमी झालं की ते आपोआप भरलं जाई.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर त्यांनी मागच्या दोन खोल्या, खिडकीबाहेर भिंतीला लागून उभ्या असलेल्या माझ्यासकट, भाड्याने दिल्या. बाबाराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. विनातिकीट प्रवासी सापडावा तशी ते भाडेकरूची उलटतपासणी घेत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, फाटक उघडं टाकायचं नाही, सगळं बजावून झालं. मला डांबर कोणी लावायचं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. भाडेकरूला वाटे, वस्तू मालकाची. मालकांना वाटे, वापरतो तो लावेल. त्या दोघांच्या भिडेत माझं पोट गंजत गेलं.

ते बिऱ्हाड गेलं आणि मयुरी आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला रात्रपाळी असल्यामुळे ती दिवसा झोपे. मी दिवसभर घरघरत तिला गारवा देई. दवाखान्यातून थकून आलेली ती पोर माझ्यासमोर शांत झोपली की मला धन्य वाटे.

पण त्या उन्हाळ्यात टाकी सारखी रिकामी होऊ लागली. ऐन स्वयंपाकात कांताबाईंचा नळ कोरडा पडे. बाबारावांनी काही दिवस दम धरला. शेवटी त्यांनी मयुरीला, पाण्याची नासाडी चालणार नाही, दुसरी खोली बघ, असं सांगून टाकलं. आपण पाणी जपूनच वापरतो, असं ती परोपरीने सांगत होती. त्यांना ते पटलं नाही. ऐन वैशाखात एकट्या मुलीने खोली शोधायला कुठे फिरायचं? मी आतल्या आत तळमळत होतो. भोक माझ्या बुडाला पडलं होतं. पाणी मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या झुडपांत झिरपत होतं आणि टाकी मला पुन्हा पुन्हा भरत होती. पण मला घरघर करता येते, बोलता येत नाही.

निघायच्या दिवशी खोली स्वच्छ करून द्यावी म्हणून मयुरीने मला भिंतीपासून ओढलं. तेव्हा तिला ते भोक दिसलं. तिने बाजारातून डांबर आणलं आणि मला पालथं घालून लावायला बसली. तेवढ्यात भिंतीला खिळे तर नाहीत ना, हे पाहायला बाबाराव आले. त्यांनी मागची ओली भिंत पाहिली, माझं बूड पाहिलं, तिचे काळे झालेले हात पाहिले.

"जाऊन राह्यली ना तू, मग हे काऊन करते?" त्यांनी विचारलं.

"काका, मागून येईन त्याले गळका कूलर नको भेटाले. त्याच्यावरही तोच आळ येईन."

 बाबाराव खाली बसले आणि त्यांनी तिच्या हातातला ब्रश घेतला.

"सामान सोड, बाई. पाणी तू नाई सांडत होती. मी उगाच तुले बोललो."

कांताबाईंनी दारातून हे ऐकलं आणि त्या चहा ठेवायला वळल्या.

मित्रांनो, मयुरी अजून इथेच राहते आणि मीही इथेच आहे. होळीनंतर माझ्या पोटात डांबर पडतं. बाबाराव खरवडतात, मयुरी लावते. या दोघांचे माझ्यावर फार उपकार आहेत. तुम्हीही कधी आपलं घर कुणाला राहायला द्याल, तेव्हा एवढंच करा. माणसाला घराबाहेर काढण्याआधी माझ्यासारख्याला एकदा भिंतीपासून ओढून मागून पाहा.