डावा स्पीकर आणि रंगवलेल्या तारा

मी स्पीकर, जोडीतला डावा. उभ्या जन्मात दुसऱ्यांचंच बोललो, आज स्वतःचं बोलतोय. मधे कुणी तोंड घालू नका.

माझं लाकडी खोकं एका सुताराने केलं. माणूस तिरसट. फळीला फळी बसली नाही की रंध्याला शिव्या द्यायचा. पण काम असं की चाळीस वर्षांत सांधा उकलला नाही. माझ्यासोबतच उजवा घडला. आमच्यात डावं-उजवं करायला जागाच नाही, दोघेही सारखेच जाडजूड आणि सारखेच काळे.

आम्हाला घरी आणलं आईंनी. त्या टेलिफोन एक्स्चेंजात होत्या, दिवसभर लोकांच्या तारा जोडायच्या. त्यांच्या कानाला फसवणं सोपं नव्हतं. पुढे लेक मोठा झाला, गाणी मोबाइलात गेली आणि आमच्या डोक्यावर कुंड्या आल्या. त्यांचं पाणी माझ्या कपाळावरून ओघळायचं. माणसाला सपाट जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

मग सुनेने भिंती पाडल्या. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, बैठक, सगळं मिळून एकच दालन. छान झालं, खोटं कशाला बोलू? पण एक टाळी वाजवली तर तीनदा ऐकू यायची. एवढ्या जागेला नवे स्पीकर हवेत असं ठरलं. रविवारी सकाळी दुकानदार काठीसारखी सडपातळ जोडी घेऊन आला. लेक म्हणाला, आधी जुने ऐकू, नाही जमले तर दुपारी भंगारवाल्याला बोलावू. माझ्या तोंडावर म्हणाला.

मी ठरवलं, आज जीव ओतायचा. गाणं लागलं तसा मी तोंडातला कागदी पडदा पुढे लोटला, तर उजवा नेमका त्याच वेळी मागे ओढतोय. मी पुढे की तो मागे. झालं होतं असं, रंगाऱ्याने भिंतीसोबत आमच्या तारांनाही पांढरा रंग फासला होता. लाल कुठली नि काळी कुठली, काही खूणच उरली नव्हती. लेकाने अंदाजाने जोडल्या, त्या उजव्याला उलट्या लागल्या. ढोलाचा दणका आमच्या ओढाताणीत जिरून गेला. गाणारी बाई दालनात कुठे उभी आहे तेच कळेना. सून म्हणाली, पोकळ वाटतंय. दुकानदार गालात हसला.

मला तोंड आहे, पण त्यातून माझं काही निघत नाही. मी आपला लोटतच राहिलो. थांबलो असतो तर संपलोच होतो.

आई ओट्यापाशी वाटाणे सोलत होत्या. उठल्या. माझ्याजवळ कान आणला, मग उजव्याजवळ, मग मधोमध उभ्या राहिल्या.

"उजव्याच्या तारा उलट कर."

"आई, तू फोन जोडायचीस. हे वेगळं असतं."

"दोघंही धड बोलतायत आणि मधे उभं राहिलं की काही कळत नाही. म्हणजे चूक जोडणाऱ्याची. कर म्हणते ना."

लेकाने कुरकुरत तारा बदलल्या. मी लोटलं, उजव्यानेही लोटलं. ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण थरथरलं. गाणारी बाई आमच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली.

दुकानदार सच्चा निघाला. म्हणाला, "वहिनी, यांना कोपऱ्यातून हातभर पुढे घ्या आणि खाली जाड सतरंजी टाका. या उघड्या फरशीवर माझेही असेच घुमतील." आणि आपली जोडी उचलून चालता झाला.

तेव्हा माझं ऐका. जागा मोठी केलीत तर आधी फरशी बघा, आम्हाला कुठे कोंबलंय ते बघा, तारा बघा, मग खुशाल आम्हाला नावं ठेवा. आवाज बिघडला की बोलणाऱ्यालाच आधी बाहेर काढायची तुमची खोड जुनी आहे.

काल सून म्हणाली, सोफ्यासाठी डाव्याला जरा सरकवू या का. लेकाने मला कवेत धरून जोर लावला, लालबुंद झाला आणि कंबर धरून बसला. अडतीस किलो आहे मी. आणि हलायचं माझ्या मनातही नाही.