रिकामी पेटी

मी एक जुना सुती पट्टा आहे. मला कुणी फडकं म्हटलेलं अजिबात खपत नाही. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी मला स्वतःच्या हातांनी शिवलं. अपुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या नाहीतर बाबांच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि मी दोघांना एकत्र बांधतो. त्या उबेत इवलंसं बाळ श्वास घ्यायला सहसा विसरत नाही. गेली सहा वर्षं मी उकळत्या पाण्यातून निघतोय. माझे गोडवे गाणारे पालक घरी गेले की मला विसरतात, त्याचंही मला काही वाटत नाही.

पण मित्रांनो, एका दुपारचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या दिवशी मी एका वेल्डरच्या छातीवर होतो. त्याची लेक जेमतेम अकराशे ग्रॅमची. आई ऑपरेशननंतर शुद्धीवर यायची होती, म्हणून सिस्टरांनी बाबांनाच पडद्यामागच्या खुर्चीत बसवलं होतं. तेवढ्यात वेल्डरचा थोरला भाऊ चार माणसं घेऊन वॉर्डात घुसला. तो ट्रकचालक होता. त्याला पुतणीची ऊब देणारी काचेची पेटी दिसली, आणि ती रिकामी होती.

"मारलंत ना पोरीला!" तो ओरडला.

"अहो, ऐका तरी..." सिस्टर म्हणेपर्यंत त्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून पेटीवर घातला. काचांचा सडा पडला. दुसरा घाव शेजारच्या पेटीवर पडणार होता आणि तिच्यात बाळ होतं. सिस्टरांनी उजवा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मी पडद्याआडून ऐकला.

वेल्डर उठू लागला. "उठू नका!" सिस्टर कळवळून ओरडल्या. तेवढ्यात कुणीतरी भिरकावलेला स्टीलचा ट्रे पडद्यातून आला. वेल्डर लेकीवर ओणवा झाला आणि तो ट्रे त्याच्या कपाळात बसला. रक्त माझ्यावर ठिबकू लागलं. माझ्या आतली धडपड थांबली. बाळ निळं पडलं.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी डाव्या हाताने बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. एक, दोन, तीन. चौथ्या टिचकीला बाळ कण्हलं.

पडदा ओढून भाऊ समोर उभा होता. त्याच्या हातातून स्टँड गळून पडला.

"जिवंत आहे?"

"आहे. पण तुमच्या भावाला भोवळ येतेय. कोपरापर्यंत हात धुवा. शर्ट काढा. पेटी तुम्ही फोडलीत, आता पेटी तुम्हीच व्हायचं."

वेल्डरला बाजूच्या पलंगावर निजवलं, आणि हात धुऊन, शर्ट काढून तो त्याच्या खुर्चीत बसला. सिस्टरांना एका हाताने माझी गाठ मारता येईना, तेव्हा दुसरं टोक त्यानेच धरलं. त्याला हुंदका आला.

"रडायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "छाती हलते."

दुसरी पेटी येईपर्यंत पोलीस दाराशी थांबले, आणि मोडका हात पोटाशी धरून सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. मग पोलिसांनी भावाला नेलं.

पोरगी वाचली. सिस्टरांचं मनगट मात्र वाकडंच राहिलं. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालणारा तो हात आता पाण्याचा पेलाही धड धरत नाही.

मित्रांनो, दवाखान्यात आपलं माणूस जागेवर दिसलं नाही, तर आधी विचारा. सिस्टर तिथेच असतात.