थकबाकीदार देशाच्या दारात

आमचा बँड लग्नसराईत वरातीत वाजतो आणि मार्च जवळ आला की घरपट्टी थकवलेल्यांच्या दारात. महापालिका बोलावते. आम्ही लाल कोट घालून एखाद्या बंगल्यासमोर उभे राहतो आणि वाजवत सुटतो. मालक आधी पडदा ओढतो, मग टीव्हीचा आवाज वाढवतो. तेवढ्यात शेजारच्या काकू गॅलरीत येऊन "काय हो, कुणाचं ठरलं?" विचारतात आणि मग चेकबुक सापडतं.

बँडचे मास्तर म्हणजे माझे सख्खे काका, समाधान काका. क्लॅरिनेट वाजवतात. त्यांचा नियम असा की वसुलीलाही वरातीचंच वाजवायचं. "रडकं वाजवलं तर लोक दार लावून घेतात," ते म्हणतात. "नाचरं वाजवलं की गर्दी जमते. लाज आपल्याला बघून वाटत नाही, अभय. गर्दीला बघून वाटते."

मी बी.कॉम. आहे. दिवसा हडपसरला एका कंपनीत लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो आणि संध्याकाळी बँडमध्ये खुळखुळा वाजवतो. घरच्यांना यातल्या कशाची जास्त काळजी वाटते, हे मी विचारलेलं नाही.

आमच्या बँडची आणखी एक खासियत आहे. रात्री आठ वाजता वरात थांबते. काका क्लॅरिनेट काखेत धरतात, खिशातून गोळी काढतात, पाणी पितात, "पित्ताची आहे" म्हणतात आणि पुन्हा सूर धरतात. घोडासुद्धा सरावला आहे. हळूहळू कसबा पेठेत काही लोकांना हे शास्त्र वाटायला लागलं. एका नवरदेवाच्या आत्याने तर दुसऱ्याच बँडला आठ वाजता थांबायला लावलं. ते बिचारे आपण का थांबलो ते न कळून एकमेकांकडे बघत उभे राहिले.

गोळी पित्ताची नाही, एचआयव्हीची आहे. ते घरात आम्हाला माहीत होतं आणि मैत्रीताईला. बँडमध्ये बाकी कुणालाच माहीत नाही, असं काका धरून चालले होते.

मैत्रीताई एचआयव्ही असलेल्यांना आधार देणाऱ्या एका संस्थेत काम करते. तिचं ऑफिस तांबट आळीत, भांडी ठोकणाऱ्याच्या दुकानावर. खालच्या ठोक्यांमुळे वर कोण काय बोलतंय ते कुणाला ऐकू जात नाही. गुप्ततेला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. फक्त सल्ला ओरडून द्यावा लागतो.

औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, पण ते रोज घ्यायला माणसाला कुणीतरी लागतं. काकू गेल्या तेव्हा काकांनी गोळ्या सोडल्या होत्या. अंथरूण धरलं, क्लॅरिनेट कपाटात गेली. तेव्हा मैत्रीताई घरी यायला लागली. उपदेश नाही काही नाही. यायची, काकांच्या कॉटशेजारी बसून भाजी निवडायची आणि जायची. शेवटी काकाच म्हणाले, "आता गवार आणू नकोस पोरी. घेतो गोळी."

तर दर दिवाळीनंतर पेढे घेऊन येणारी ताई यंदा पेढ्याशिवाय घरी आली आणि म्हणाली, "काका, वर्षअखेर ऑफिस बंद होतंय."

काकांनी तिला बसायला सांगितलं आणि कारण विचारलं.

कारण असं की एका श्रीमंत देशाने जगभरच्या एचआयव्हीच्या कामाला पैसे द्यायचं वचन दिलं होतं. ते पैसे पाझरत पाझरत तांबट आळीपर्यंत यायचे. आता त्या देशाने हात आखडला होता. देशाचं नाव मी घेत नाही, मला पुढेमागे व्हिसा लागेल.

"वचन त्यांनीच दिलं होतं ना?" काकांनी विचारलं.

"हो. फोटो काढून."

"पैसे नाहीत का त्यांच्याकडे?"

"आहेत की. त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात इथे येतायत. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात परिषद आहे. आपण स्वतःच्या पायावर कसं उभं राहायचं, ते शिकवणार आहेत."

"म्हणजे पत्ता आहे," काका म्हणाले आणि चहा प्यायले.

ताई गेल्यावर त्यांनी सोनबाला फोन लावला. सोनबा आमचा ढोलवाला. "वसुली आहे," काका म्हणाले. "नाही, महापालिकेची नाही. जरा मोठी पार्टी आहे. नाही, पैसे मिळणार नाहीत."

सोनबा म्हणाला, "मंग कोट इस्त्री करून आनू का?"

हॉटेलच्या फाटकावर सिक्युरिटीवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वरात कुणाची?"

"देशाची," काका म्हणाले.

त्याने यादी चाळली. "देशपांडेंची आहे एक, पण ती उद्या. आणि घोडा कुठाय?"

"मागून येतोय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय," मी म्हणालो. पुण्यात वाहतुकीवर ढकललं की कुणालाही पटतं. त्याने फाटक उघडलं.

आम्ही पोर्चसमोर गोल केला आणि सुरू झालो. पाच मिनिटांत मॅनेजर आला, वेटर आले, शेजारच्या सोसायटीतली मंडळी कंपाउंडवर टेकून उभी राहिली. गर्दी झकास जमली. मग काचेचं दार उघडलं आणि गळ्यात ओळखपत्रं घातलेली परदेशी मंडळी बाहेर आली. काकांनी डोळ्यांनी खूण केली, आम्ही आवाज वाढवला.

आणि ती मंडळी नाचायला लागली.

घरपट्टीच्या इतक्या वर्षांच्या वसुलीत हे कधी झालं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. चांगल्या सहा फूट उंच बाई, दोन्ही हात हवेत, जणू सुटलेली बस थांबवतायत. चेहऱ्यावर निव्वळ आनंद. त्यांना वाटलं, स्वागत आहे. सोनबाने ढोल बडवत मला विचारलं, "ह्यांना लाज कधी वाटायची?" मी खुळखुळा हलवला.

मॅनेजर बाईंच्या कानाशी लागला, इथली पद्धत काय ते सांगितलं असावं. बाईंनी पर्समधून पाचशेची नोट काढली, काकांच्या डोक्यावरून तीनदा ओवाळली आणि वाकून त्यांच्या हातात दिली.

काकांनी हात वर केला. बँड थांबला. त्यांनी नोट उजेडात धरून पाहिली, कोटाच्या खिशातून आमचं पावतीपुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'श्रीमंत देश यांजकडून रोख रुपये पाचशे मिळाले. बाकी: उरलेलं वचन.' खाली सही, शिक्का. पावती फाडून बाईंच्या हातात.

गर्दीतून वाट काढत मैत्रीताई बाहेर आली. ती आत परिषदेत होती. आम्हाला बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पासवर्ड विसरलेल्या माणसांत अनेकदा दिसतं.

"काका, हे काय चाललंय?"

"वसुली. बाईंना समजावून सांग."

ताईने एक श्वास घेतला आणि सांगितलं. इंग्रजीत, काही न गाळता. की आमच्या शहरात कबूल केलेले पैसे जो भरत नाही, त्याच्या दारात बँड वाजतो. की पैसे भरले की बँड जातो. की हातात आहे ती अर्धवट भरण्याची पावती आहे.

बाईंचे हात खाली आले. त्या पावतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा निर्णय माझा नाही. आमच्या संसदेने घेतला."

ताईने मराठीत सांगितलं. काकांनी मान हलवली. "घरपट्टीवालेही हेच म्हणतात. बंगला भावाच्या नावावर आहे म्हणतात. राहतात मात्र त्यातच."

ताईने तेही जसंच्या तसं सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आमच्या लाल कोटांवरून नजर फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्यापैकी हे दुखणं कुणाचं आहे? म्हणजे, तुम्ही कुणासाठी आलात?"

हे भाषांतर ताईने केलं नाही. मीच केलं, आणि करताना खुळखुळा चुकून वाजला.

तेवढ्यात काकांच्या खिशातल्या फोनचा गजर वाजला. आठ. काकांचा हात सवयीने खिशात गेला, गोळी बाहेर आली. सगळे बघत होते. बँड, वेटर, कंपाउंडवरची सोसायटी. काका "पित्ताची" म्हणायला तोंड उघडून थांबले.

"माझं आहे," ते म्हणाले. "ही त्याचीच गोळी. आणि ही पोरगी नसती तर ती घ्यायला मी नसतो."

काका बँडकडे वळायला तयार नव्हते. पाठमोरेच उभे होते. मग सोनबाने ढोल खाली ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या, मास्तर. टाइम झालाय."

काकांनी बाटली धरली. "सोनबा, तुला..."

"समद्यांना म्हाईत हाय. कवापासनं. रोज आठाच्या ठोक्याला पित्त होणारा मानूस पुन्यात बी नसतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी पित्त म्हनत होता. आमी पित्त म्हनलं."

काकांनी गोळी घेतली. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि सोनेरी झालर खराब झाली म्हणून स्वतःवरच चिडले. बाईंनी मैत्रीताईला काहीतरी विचारलं आणि दोघी पोर्चच्या पायरीवर बसल्या. आत परिषदेत जेवण थंड झालं.

यानंतर जग बदललं, असं नाही. बाईंनी ती पावती नेली आणि कुणीतरी काढलेला आमचा व्हिडिओ, खाली सगळा खुलासा लिहून, तिकडे पसरवला. महिनाभराने मैत्रीताईने आम्हाला दुसरा एक व्हिडिओ दाखवला. बाईंच्या देशात, बर्फात, अर्थखात्याच्या इमारतीसमोर निवृत्त पोस्टमनांचा एक बँड उभा होता आणि आमचीच वरातीची धून वाजवत होता. बाई तिथेही नाचत होत्या, पण आता जाणूनबुजून. काकांनी तीन वेळा पाहिला. "दुसऱ्या ओळीत सूर चढा लागतोय," ते म्हणाले आणि क्लॅरिनेटवर ती ओळ वाजवून माझ्याकडून पाठवून घेतली. पोस्टमन ती शिकले. दर शुक्रवारी वाजवतात.

मग पत्र आलं. मैत्रीताईचं ऑफिस मेअखेरपर्यंत चालू राहील. पुढचं नंतर बघू. ताईने पेढे आणले, पण अर्धा किलोच. "उरलेले मे नंतर," म्हणाली.

परवा कोथरूडचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी बँड ठरवायला दुकानात आले. एकतीस मे. काकांनी डायरी न उघडताच सांगितलं, "त्या दिवशी बुक आहे."

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. वसुली. आमच्या पोरीच्या ऑफिसची."

"अहो, दुप्पट देतो. आमच्या हिला तुमचाच बँड हवाय. तो आठ वाजता थांबणारा. चांगलं असतं म्हणे."

काकांनी त्यांना खुर्ची दिली, मला चहा सांगायला पाठवलं. जाता जाता मी ऐकलं.

"तारीख पुढे ढकला," काका म्हणत होते. "जूनमध्ये काढा. फक्त आठ वाजता थांबायचं की नाही, ते एकतीस तारखेची वसुली कशी होते त्यावर आहे."